पायाच्या फुगलेल्या शिरा आणि फोमचं इंजेक्शन: पहिल्या तपासणीपासून वर्षभराच्या डॉपलरपर्यंत

आमच्या ओपीडीत बायका साडीचा काठ चार बोटं वर उचलतात आणि हळू आवाजात म्हणतात, “सिस्टर, हे एवढंच आहे.” पुरुष पँट पोटरीपर्यंत दुमडतात आणि दुसरीकडे बघत बसतात. “एवढंच” म्हणजे पोटरीवर करंगळीएवढी जाड, वेडीवाकडी निळी शीर, घोट्याच्या आतल्या बाजूला काळवंडलेली चामडी, आणि कधीकधी तिथेच एखादी जखम. ती भरते आणि पुन्हा उघडते. पोळी-भाजी केंद्रात दिवसभर उभ्या असणाऱ्या, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, सलूनवाले, गिरणीत दळण देणारे, सगळे येतात. आणि हल्ली बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: “ते फोमचं इंजेक्शन कधी देणार?”

मी व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनच्या हाताखाली नर्स आहे. फुगलेल्या शिरेत औषधाचा फेस सोडून ती बंद करायचा हा उपचार चांगला आहे, रोज बघते म्हणून सांगते. पण इंजेक्शनची तारीख विचारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: माझ्या पायात गळती नेमकी कुठे आहे? या प्रश्नाचं उत्तर हातात असेल तर पुढचं सगळं सोपं होतं. ते नसताना टोचलेलं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा पैसे आणि उमेद दोन्ही वाया.

गळती म्हणजे काय

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत छोट्या झडपा असतात. या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की उभं राहिल्यावर रक्त उलटं खाली उतरतं, साचतं, आणि चामडीखालच्या शिरा ताणून फुगतात. यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो.

इमारतीत वरच्या मजल्यावर पाइप गळत असला की ओल खालच्या घराच्या भिंतीवर दिसते. भिंत खरवडून नवा रंग दिला तर ती पावसाळाभर बरी दिसेल, पुढे पुन्हा पोपडे धरतील. पायाचंही तसंच आहे. डोळ्यांना दिसते ती पोटरीवरची गाठोडी, पण झडप बहुतेकदा वर, जांघेत किंवा गुडघ्यामागे बिघडलेली असते.

पायात वरवरच्या दोन मुख्य शिरा आहेत. एक घोट्याच्या आतल्या बाजूने निघते, मांडीतून वर जाते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. दुसरी पोटरीच्या मागून चढते आणि सहसा गुडघ्यामागच्या खळगीत खोल शिरेला मिळते. रिपोर्टमध्ये पहिलीला जीएसव्ही लिहितात, दुसरीला एसएसव्ही. त्या जिथे खोल शिरेला मिळतात ते सांधे म्हणजे एसएफजे आणि एसपीजे. वरवरच्या आणि खोल शिरांना मध्येच जोडणाऱ्या आडव्या शिरांना परफोरेटर म्हणतात. ही चार-पाच अक्षरं ओळखता आली तरी आपला रिपोर्ट अर्धा आपल्याला वाचता येतो.

पहिली पायरी: हा आजार आहे की नुसतं दिसणं, ते ठरवा

मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा असतील, पाय दुखत नसेल, सूज नसेल, तर घाई नाही. ते बहुधा दिसण्यापुरतं असतं. पुढच्या खुणा मात्र वेगळं सांगतात: संध्याकाळी पोटऱ्या भरून येणं, पाय जड होणं, घोट्यावर मोज्याचा वळ उमटण्याइतकी सूज, रात्री वांब येणं, शिरेवर खाज, घोट्याजवळची चामडी तपकिरी किंवा काळी आणि टणक होणं.

डॉक्टर या टप्प्यांना सी ० ते सी ६ असे आकडे देतात. सी १ म्हणजे त्या बारीक रेषा. सी २ म्हणजे ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेल्या शिरा. सी ३ सूज, सी ४ चामडीतले बदल, सी ५ भरून आलेली जखम आणि सी ६ उघडी जखम. आपला आकडा विचारून घ्या. सी ४ किंवा त्याच्या पुढे असाल तर “पुढच्या उन्हाळ्यानंतर बघू” असं करू नका, कारण चामडी एकदा टणक झाली की साधा ओरखडाही भरता भरत नाही.

इथे जखमेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मला याचं फार वाईट वाटतं. घोट्याच्या आतल्या बाजूची न भरणारी जखम घेऊन लोक वर्षानुवर्षं मलम बदलत राहतात. कुणी एक्झिमा समजून ट्यूब लावतं, कुणी जळवा लावून घेतं, कुणी गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसतं. जळवेने त्या वेळचं रक्त जातं, झडप तशीच राहते. गरम पाण्याने तर शिरा आणखी पसरतात. ब्रिटनमध्ये अशा ४५० पेशंटवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्ह्रा नावाच्या अभ्यासात पायाला बांधायच्या दाबाच्या पट्ट्यांसोबत शिरेचा उपचार लवकर केला तेव्हा जखमा भरायला साधारण ५६ दिवस लागले, उशिरा केला तेव्हा ८२ दिवस. त्यातल्या बऱ्याच जणांवर केलेला शिरेचा उपचार म्हणजे हाच फोम होता. जखम भरल्यावर शिरेचं बघू, हा क्रम उलटा आहे.

दुसरी पायरी: डॉपलर, आणि तोही उभं राहून

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कलर डॉपलर म्हणजे पायाची सोनोग्राफी, ज्यात रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते दिसतं. झडप गळते का, हे बघायला पेशंटला उभं करावं लागतं, वजन दुसऱ्या पायावर टाकायला सांगावं लागतं, पोटरी हाताने दाबून सोडावी लागते. सोडल्यावर रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप निकामी धरतात.

एक काकू आमच्याकडे आल्या त्या दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन. त्यात लिहिलं होतं, सगळं ठीक आहे. पोटरीवर तर दोरखंडासारखी शीर! मी विचारलं, “काकू, तपासताना उभं केलं होतं का?” म्हणाल्या, “नाही गं, झोपवलं आणि पाच मिनिटांत झालं.” आडवं झोपल्यावर रक्ताला खाली उतरायचं कारणच उरत नाही, मग गळती दिसणार कशी? उभं करून पुन्हा तपासलं, जांघेतला सांधा पूर्ण गळत होता.

म्हणून डॉपलरला जाताना स्पष्ट सांगा: “शिरांच्या झडपांसाठी, उभं राहून करायचं आहे.” रिपोर्टमध्ये पाच गोष्टी आहेत का ते बघा: खोल शिरा मोकळ्या आहेत का, जांघेतला सांधा गळतो का, गुडघ्यामागचा गळतो का, मुख्य शिरेची जाडी किती मिलिमीटर, आणि परफोरेटर किती व कुठे. खोल शिरेत रक्ताची जुनी गाठ असेल आणि रक्ताचा सगळा भार वरवरच्या शिराच वाहत असतील, तर त्या बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. बाळंतपणानंतर मांडीच्या आत, योनीमार्गाजवळ शिरा फुगल्या असतील तर लाज न बाळगता सांगा. कधीकधी गळतीचं मूळ ओटीपोटात असतं आणि पायात कितीही शोधलं तरी ते सापडत नाही.

धमन्यांची तपासणीही याच वेळी होते. पावलाची नाडी लागते का ते बघतात. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी आलं तर शिरांसाठीचे दाबाचे घट्ट मोजे आपल्या मनाने चढवायचे नाहीत.

तिसरी पायरी: फोम आपल्यासाठी आहे का?

फोमचं औषध साबणाच्या जातीचं असतं. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पोलिडोकॅनॉल, दोन्ही शिरेच्या आतलं नाजूक अस्तर विरघळवतात. अस्तर गेलं की शीर आकसते, आतून चिकटते आणि काही महिन्यांत तिची नुसती दोरी उरते. तिच्यातून जाणारं रक्त चांगल्या शिरांकडे वळतं. “शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?” असं सगळेच विचारतात. ती शीर रक्त वर नेतच नव्हती, उलटं आणत होती. बंद झाल्याने पायाचं ओझं कमीच होतं.

आता, औषध पातळ न देता फेस करून का द्यायचं? पातळ औषध शिरेत गेलं की रक्तात मिसळून वाहून जातं, त्याची ताकद मरते. फेस मात्र रक्ताला पुढे ढकलतो आणि शिरेच्या भिंतीला सगळीकडून चिकटून राहतो. त्यामुळे कमी औषधात जास्त काम होतं, शिवाय सोनोग्राफीत फेस पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो कुठवर पोचला हे डॉक्टरांना कळतं. शिरेत आधी थोडी हवा सोडून रक्त बाजूला सारायची कल्पना ऑरबाख यांनी १९४४ मध्येच मांडली होती. आज सर्रास वापरतात ती सोपी पद्धत इटलीच्या डॉ. लोरेन्झो तेसारी यांची, २००० साली प्रसिद्ध झालेली. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांचा कॉक, एक भाग औषध, चार भाग हवा, आणि इकडून तिकडे वीसेक वेळा ढकलायचं. दोन मिलिलिटर पाण्यासारख्या औषधाचा दाढीच्या क्रीमसारखा दाट पांढरा फेस होतो. तो मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा पातळ व्हायला लागतो, म्हणून आधी करून ठेवता येत नाही. डॉक्टर सुई लावून तयार झाले की मगच आम्ही करतो.

फोमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जांघेतली मुख्य शीर जाड असेल तर लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उष्णतेने शीर आतून बंद करायची पद्धत, जास्त भरवशाची. युरोपातल्या रक्तवाहिनी-सर्जनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य शिरेसाठी फोमचा विचार ती ६ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तेव्हाच सुचवला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये क्रम दिला तो असा: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर ऑपरेशन. ब्रिटनमध्येच ७९८ पेशंटवर लेसर, ऑपरेशन आणि फोम यांची तुलना झाली. ५ वर्षांनी पाहिलं तर लेसर आणि ऑपरेशनवाल्यांचा त्रास फोमवाल्यांपेक्षा कमी होता. फोमने बंद झालेली शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त असते, हे आधीच माहीत असावं.

मग फोम कुणाला? वेड्यावाकड्या शिरांना, ज्यांतून लेसरची तार पुढे सरकतच नाही. ऑपरेशननंतर पुन्हा आलेल्यांना. जखमेच्या खालच्या जाळ्याला. गुडघ्यामागच्या शिरेला, जिच्या बाजूने चामडीची संवेदना देणारी नस जाते आणि उष्णतेने तिला इजा होऊ शकते. वय झालेल्यांना, ज्यांना भूल नको आहे. अनेकदा दोन्ही मिळून होतं: मुख्य शिरेला लेसर आणि खालच्या फांद्यांना फोम. तुम्हाला यातलं काय सुचवलं आणि का, हे विचारा. “पोटरीवरची दिसतेय तेवढी टोचून टाकू, वरचं राहू दे” असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कुणी थांबायचं

पायात किंवा फुप्फुसात नुकती रक्ताची गाठ झालेली, या औषधाची आधी ॲलर्जी आलेली, पायावर जंतुसंसर्ग असलेला, अंथरुणाला खिळलेला, यांना फोम देत नाहीत. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे आणि त्याचा त्रास झालेला आहे, असं माहीत असेल तरीही नाही. हे छिद्र अगदी बारीक रूपात साधारण चारातल्या एका माणसात असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी करत नाहीत. पण आधीच्या फोमनंतर डोळ्यांपुढे चमकलं असेल, अर्धशिशी उठली असेल, हातपाय बधिर झाले असतील तर सांगायचं विसरू नका.

गरोदरपणात थांबायचं. त्या काळात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर बऱ्याच ओसरतात, तोवर मोजे पुरतात. बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, घरात कुणाला गाठी झाल्याचा इतिहास, हे सगळं एका कागदावर लिहून आणा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. ती चालू असतानाही फोम देता येतो.

चौथी पायरी: तयारी

मोजे आधी घ्या, इंजेक्शन मग. उपचाराच्या दिवशी धावपळ करून घेतलेला मोजा हमखास चुकीच्या मापाचा निघतो. माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी, पोटरीला सगळ्यात जाड जागी, आणि मांडीपर्यंतचा असेल तर मांडीला. सहसा क्लास २ चा मोजा सांगतात, म्हणजे घोट्यावर साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. औषधाच्या दुकानातला गुडघ्याचा पट्टा किंवा क्रेप बँडेज त्याच्या जागी चालत नाही.

शक्य असेल तर थंडीचे दिवस निवडा. एप्रिल-मे मध्ये अकोल्याला किंवा चंद्रपूरला दिवसभर मांडीपर्यंत घट्ट मोजा घालणं फार अवघड आहे, आणि मोजा काढून ठेवला की उपचाराचं नुकसान होतं. जखम असेल तर मात्र ऋतू बघत बसू नका.

आदल्या रात्रीपासून पायाला तेल, क्रीम काही लावू नका. मार्करच्या खुणा टिकत नाहीत आणि मोजा घसरतो. पैंजण, तोरड्या, जोडवी घरीच काढून या. मोजा चढवताना जोडव्यात अडकून उसवतो, आणि हे दर आठवड्याला एकदा तरी घडतं. सैल सलवार किंवा पायजमा, आणि पट्टीवर बसेल अशी मोठी चप्पल. उपाशी राहायची सहसा गरज नसते, हलकं खाऊन आलेलं चांगलं. सोबत कुणीतरी हवं, परत जाताना दुचाकी स्वतः चालवायची नाही. डॉपलरचा रिपोर्ट आणि त्यासोबतचा पायाचा नकाशा काढलेला कागद विसरू नका.

पाचवी पायरी: त्या दिवशी

आधी तुम्हाला उभं करतात आणि फुगलेल्या शिरांवर मार्करने रेघा ओढतात. मग झोपवतात. सोनोग्राफीचं थंड जेल लावतात आणि पडद्यावर बघत शिरेत बारीक सुई घालतात. सलाईन लावताना टोचतं तितकंच टोचतं. मग पाय वर उचलून धरतात, म्हणजे शीर रिकामी होते. याच वेळी कोपऱ्यात आमचं काम चालू असतं. दोन सिरिंजमधला तो खस्-खस् आवाज ऐकून पेशंट मान वळवतात. फेस आत जाताना काहींना शिरेच्या वाटेवर जळजळ किंवा ओढल्यासारखं वाटतं, काहींना काहीच नाही.

पडद्यावर काळ्या शिरेत पांढरं सरकताना दिसतं. ते जांघेजवळ आलं की डॉक्टर तिथे हाताने किंवा प्रोबने दाबतात आणि तुम्हाला पाऊल वरखाली हलवायला सांगतात. तेव्हा खरंच जोरात हलवा. खोल शिरेत थोडा फेस शिरलाच तर या हालचालीने पोटरी तो धुऊन काढते. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरपेक्षा जास्त फेस देत नाहीत. दोन्ही पायांत खूप शिरा असतील तर दोन-तीन बैठका कराव्या लागतात. एकाच दिवशी सगळं उरकून टाका, असा आग्रह डॉक्टरांना करू नका.

खोकल्याची उबळ, छातीत दडपण, डोळ्यांपुढे काजवे, डोकं दुखणं, असं काही झालं तर तिथल्या तिथे सांगा. गैरसोय नको म्हणून लोक गप्प बसतात. बहुतेक वेळा झोपून राहिल्यावर अर्ध्या तासात बरं वाटतं, पण आम्हाला कळायला हवं.

झोपलेलं असतानाच पट्टी आणि त्यावर मोजा चढवतात. मग लगेच उठून चालायचं, वीस ते तीस मिनिटं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, कुठेही. उपचारानंतर रिक्षात बसून थेट पलंगावर, असं नाही. चालल्याने खोल शिरांतलं रक्त वाहतं राहतं आणि गाठ व्हायची भीती कमी होते.

मोजा कसा चढवायचा

हे मी प्रत्येकाला हाताने करून दाखवते, आणि घरी गेल्यावर निम्म्यांचा फोन येतोच. सकाळी बिछान्यातून उतरायच्या आधी चढवायचा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड येते आणि नखांनी मोजा फाटत नाही. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल त्यात सरकवा, टाच टाचेच्या जागी बसली की बाकीचा हळूहळू वर उलगडत आणा. वरून धरून ओढू नका. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पातळ पिशवी घाला, त्यावरून मोजा सरकन जातो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. गुडघ्यामागे वळी पडली तर ती दोरीसारखी आवळते, तळव्याने सपाट करा. वरचा भाग दुमडून ठेवायचा नाही, तिथे दाब दुप्पट होतो.

किती दिवस घालायचा याबाबत डॉक्टर-डॉक्टरांत फरक आहे. आमच्याकडे पहिले काही दिवस रात्रंदिवस, नंतर दोन-तीन आठवडे फक्त दिवसा. तुम्हाला जे सांगितलं ते पाळा. पण बोटं निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, तर कुणाची परवानगी न घेता मोजा आधी काढा आणि मग फोन करा.

पुढचे आठवडे

दुसऱ्या दिवसापासून साधी कामं करता येतात. रोज चाला. एका जागी ताटकळत उभं राहणं टाळा. ओट्याशी उभंच राहावं लागत असेल तर दर काही मिनिटांनी टाचा वर उचलून चवड्यावर या. जड वजन, गरम पाण्याची अंघोळ, मालिश, हे काही दिवस बंद. लांबचा विमानप्रवास किंवा रात्रभराचा बसप्रवास निदान काही आठवडे पुढे ढकला. लग्नकार्याला जावंच लागलं तर प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चाला.

आठ-दहा दिवसांत शिरेच्या वाटेवर कडक, दुखरी दोरी हाताला लागते. इथे लोक घाबरतात. “शीर गेली नाही, उलट दगड झाली!” असा फोन हमखास येतो. ती बंद होत असलेली शीर आहे, आत थोडं रक्त अडकलेलं असतं. फार दुखत असेल तर डॉक्टर बारीक टोचून ते काळं रक्त काढतात, आराम पडतो आणि डागही कमी राहतो. वरून तपकिरी रेघ काही महिने दिसते, बहुतेकांची वर्षभरात फिकी होते. काहींच्या चामडीवर नव्याने बारीक लाल जाळी उमटते. ज्यांना पाय अगदी स्वच्छ दिसायला हवेत त्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

खरी धोक्याची लक्षणं वेगळी आहेत: एकच पोटरी अचानक सुजून घट्ट होणं आणि दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एक हात लुळा पडणं, टोचल्या जागी चामडी काळी पडून फोड येणं. सूज आणि काळी चामडी असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. धाप, छाती, तोंड, बोलणं, हात यांपैकी काही असेल तर तत्काळ १०८ ला फोन करा. असं क्वचित होतं, पण घरातल्या एकाला तरी ही यादी माहीत असू द्या.

आणि ज्यांचा उपचार अजून व्हायचाय त्यांच्यासाठी: फुगलेली शीर खरचटून फुटली तर रक्ताची धार लागते. उभं राहून बाथरूमकडे धावू नका. तिथेच आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ कपड्याने त्या जागी दहा मिनिटं सलग दाबून ठेवा. बहुतेकदा थांबतं. वरती कापडाने करकचून बांधू नका. मग दवाखाना गाठा.

पैसे आणि कागद

फोम लेसरपेक्षा स्वस्त पडतो, कारण लेसरची एकदाच वापरायची महागडी तार लागत नाही. पण बैठका वाढल्या तर हिशोब बदलतो, म्हणून पॅकेजमध्ये किती बैठका, मोजे आणि नंतरची डॉपलर धरली आहे का, हे लेखी घ्या. विम्यात बऱ्याच पॉलिसी व्हेरिकोज व्हेन्ससाठी पहिली दोन वर्षं पैसे देत नाहीत, त्याच्या तारखा बघा. फोम डे-केअरमध्ये बसतो का, आधी मंजुरी लागते का, तेही विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात गेलात तर आरोग्यमित्राच्या टेबलावर तुमचा डॉपलर रिपोर्ट दाखवून तुमच्या उपचाराचं नाव यादीत आहे का ते तपासून घ्या.

शेवटची पायरी: पुन्हा डॉपलर

आठ-पंधरा दिवसांनी पहिली तपासणी होते. खोल शिरेत गाठ नाही ना आणि ठरवलेली शीर बंद झाली ना, या दोन गोष्टी बघतात. पाय हलका वाटतोय म्हणून ही तपासणी चुकवू नका. अर्धवट बंद झालेली शीर या वेळी सापडली तर थोडा फोम देऊन काम पुरं होतं. त्यानंतर साधारण वर्षाने पुन्हा एकदा, आणि जखम होऊन गेली असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

त्या काकू वर्षभराने आल्या तेव्हा घोट्याजवळची चामडी मऊ झाली होती, खाज गेली होती. डॉक्टरांनी त्यांना उभं केलं, पोटरी दाबून सोडली, जांघेतला सांधा शांत होता. गुडघ्याखाली एक छोटी नवी फांदी गळताना दिसली, ती आधीच्या नकाशात नव्हती. हे कळलं कारण काकूंनी जुना कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून आणला होता. तुम्हीही तो टाकू नका, दर तपासणीला सोबत घेऊन या.